फुलेनासे झालेले कलांचो : पुण्यातील एका गॅलरीचे प्रकरण

आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंच्या रस्त्याकडील गॅलरीत डिसेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात कलांचोच्या नऊ कुंड्या होत्या. झाडे हिरवीगार होती, पाने तळहाताएवढी झाली होती, काही फांद्या दीड फुटापर्यंत वाढून रेलिंगबाहेर झुकल्या होत्या. मात्र नऊपैकी एकाही झाडावर कळी नव्हती, आणि आदल्या हिवाळ्यातही त्या गॅलरीत एकही फूल आले नव्हते. "अगं, जी मेली ती मेलीच, आणि जी जगली ती नुसती पानं काढत बसलीत. माझ्या हातालाच गुण नाही, दुसरं काय," असे काकूंनी मला अगदी ठरवून टाकल्यासारखे सांगितले. ज्यांच्या घरी इतकी वर्षे तुळस, गोकर्ण आणि सदाफुली न चुकता बहरत आली, त्यांच्या हाताला गुण नाही हे मला पटण्यासारखे नव्हते, म्हणून मी त्या झाडांचा जानेवारी २०२३ पासूनचा सगळा इतिहास त्यांच्याकडून विचारून घेतला आणि लिहून काढला. पुढील मजकूर त्या टिपणांवर आणि त्यानंतरच्या दोन हिवाळ्यांतील नोंदींवर आधारलेला आहे.

प्रथम झाडाविषयी थोडे. नर्सरीत ज्याला नुसते कलांचो म्हणतात ते बहुतेक वेळा कलांचो ब्लॉसफेल्डियाना या जातीचे किंवा तिच्यापासून तयार केलेल्या संकराचे रोप असते. मूळची जात मादागास्करच्या उत्तरेकडील त्सारातानाना पर्वताची. जर्मनीतील पॉट्सडाम येथील रोपवाटिकाचालक रॉबर्ट ब्लॉसफेल्ड यांनी ती १९३२ मध्ये बाजारात आणली आणि त्यांच्याच नावावरून १९३४ मध्ये तिचे शास्त्रीय नाव ठरले. आपल्याकडील पानफुटी ही तिची जवळची नातलग. साध्या कलांचोच्या प्रत्येक फुलाला चारच पाकळ्या असतात आणि अशी पन्नास-साठ फुले मिळून एक झुबका होतो. गुलाबासारखी भरगच्च दिसणारी दुहेरी पाकळ्यांची वाणे अलीकडची आहेत. पाने मांसल असल्याने झाड पाणी साठवते आणि त्याचा श्वासही उन्हाळी प्रदेशातल्या झाडाला शोभेल असा असतो, म्हणजे पानावरची रंध्रे दिवसा बंद राहतात, रात्री उघडतात, रात्री आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपाने पानात साठवला जातो आणि दिवसा उन्हात वापरला जातो. या व्यवहाराची एक जुनी नोंद भारतातूनच झाली, ही गोष्ट मला फार आवडते : मद्रास इलाख्यात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन यांनी पानफुटीची पाने सकाळी आंबट आणि दुपारनंतर बेचव लागतात असे लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवले आणि ते पत्र १८१५ मध्ये छापले गेले. वाचकांनी हा प्रयोग कलांचोवर करून पाहू नये. या कुळातील झाडांत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात आणि घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी त्याच्या तोंडाच्या टप्प्याबाहेरच ठेवावी.

काकूंनी जानेवारी २०२३ च्या अखेरीस, एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन पाहून आल्याच्या उत्साहात, शहरातील एका नर्सरीतून फुललेल्या नऊ कुंड्या आणल्या. लाल, पिवळी, नारिंगी, गुलाबी अशी सात साधी आणि दोन दुहेरी पाकळ्यांची रोपे होती. सर्व रोपे वीतभर उंचीची, गोलसर आणि इतकी आटोपशीर होती की पाने झुबक्यांखाली झाकली गेली होती. एप्रिलच्या मध्यापर्यंत फुले टिकली. फुले सुकल्यावर काकूंनी प्रत्येक रोप चार इंची प्लास्टिकच्या कुंडीतून काढून आठ इंची कुंडीत, बागेच्या मातीत लावले, खाली ताटल्या ठेवल्या आणि एक दिवसाआड पाणी दिले. जुलै-ऑगस्टमध्ये तीन झाडे बुंध्यापाशी मऊ पडून गेली. मरणाऱ्या झाडांचे शेंडे त्यांनी खुडून लावले आणि त्यांतले चार जगले. म्हणजे २०२३ च्या दिवाळीला एकूण दहा झाडे होती. आठ रस्त्याकडच्या गॅलरीत राहिली. जागा उरली नाही म्हणून नव्या चारांपैकी दोन लहान कुंड्या स्वयंपाकघरामागच्या छोट्या गॅलरीत, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी ठेवल्या गेल्या.

त्या हिवाळ्यात पुढच्या गॅलरीतील आठही झाडे फुलली नाहीत, आणि मागच्या गॅलरीतील ती दोन पोरकी रोपे जानेवारी २०२४ च्या शेवटी फुलली. काकूंनी याचा अर्थ असा लावला की नवी फांदी फुलते, जुनी फुलत नाही. फुललेली दोन रोपे त्यांनी कौतुकाने पुढच्या गॅलरीत आणून ठेवली, पावसाळ्यात आणखी एक झाड गेले, आणि डिसेंबर उजाडला तेव्हा उरलेल्या नऊ झाडांत, त्या दोघांसकट, एकावरही कळी नव्हती. दरम्यान एका दुकानातून आणलेले 'फुलांचे औषध' दोनदा देऊन झाले होते, डीएपी या रासायनिक खताचे चमचे झाले होते, हाडांचा चुराही झाला होता.

या इतिहासात दोन निरनिराळे रोग एकत्र सांगितले जात होते, आणि माझ्या मते सगळा गोंधळ तिथेच होता. पावसाळ्यात झाडे मरणे आणि हिवाळ्यात झाडे न फुलणे यांचे कारण एकच असले पाहिजे, आणि ते कारण म्हणजे आपण, असे काकूंनी गृहीत धरले होते. दोन्ही प्रश्न वेगळे काढल्यावर पहिल्याचे उत्तर कुंडी उपडी करताच मिळाले.

२०२४ च्या पावसाळ्यात गेलेल्या झाडाची कुंडी तशीच कोपऱ्यात पडून होती. ती उपडी केली तेव्हा आठ इंची मातीच्या गोळ्याच्या मधोमध नर्सरीतला चार इंची कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गठ्ठा जसाच्या तसा, कुंडीचा आकार धरून बसलेला दिसला. दीड वर्षात मुळे त्या गठ्ठ्याबाहेर जेमतेम अंगठ्याच्या पेराइतकी आली होती. कोकोपीट पाणी स्पंजासारखे धरून ठेवते; भोवतीच्या चिकट मातीत मुळे नसल्याने ती माती स्वतःचे पाणी सोडत नव्हती, आणि ताटलीत साचलेले पाणी खालून वर चढत होते. जूनपासून हवेतच ओल असते, ऊन नसते, झाड दिवसा रंध्रे मिटून बसलेले असते. अशा वेळी एक दिवसाआड दिलेले पाणी जाणार कुठे? मूळकूज होऊन बुंधा तपकिरी आणि मऊ पडला आणि वरची पाने मात्र, स्वतःच्या साठ्यावर, आणखी दोन-तीन आठवडे तजेलदार दिसत राहिली. मांसल पानांच्या झाडाचा हा मोठा धोका आहे की ते मेल्यानंतरही काही दिवस जिवंत दिसते, आणि माणूस त्याला तहान लागली असेल असे समजून आणखी पाणी घालतो.

उपाय साधा होता. उरलेल्या झाडांची मुळे पुढे हवा कोरडी झाल्यावर धुऊन कोकोपीट शक्य तितके काढले आणि झाडे पाच ते सहा इंचांच्या मातीच्या कुंड्यांत लावली. मिश्रणात दोन भाग चाळलेला पोयटा, दोन भाग विटांचे बारीक तुकडे आणि जाड नदीची वाळू, आणि एक भाग गांडूळखत घेतले. ताटल्या काढून टाकल्या आणि कुंड्या विटांच्या तुकड्यांवर ठेवल्या, म्हणजे तळाचे भोक मोकळे राहते. पाण्याचा वार ठरवायचा नाही. कुंडी उचलून पाहायची आणि हलकी लागली तरच पूर्ण भिजेल असे पाणी द्यायचे, हे काकूंना चार दिवसांत जमले. पावसाळ्यात हे अंतर बारा-पंधरा दिवसांवर जाते, मार्च-एप्रिलमध्ये तीन-चार दिवसांवर येते. २०२५ च्या पावसाळ्यात एकही झाड गेले नाही.

न फुलण्याचा प्रश्न याहून खोल होता. खताचे कारण मी लगेच बाजूला ठेवले, कारण मागच्या गॅलरीत फुललेल्या दोन रोपांना कोणतेही औषध मिळाले नव्हते. डीएपीत स्फुरदाबरोबर नत्रही असते, त्यामुळे पाने मोठी आणि गडद झाली, एवढाच त्याचा परिणाम दिसत होता. ऊन कमी पडत असावे, ही शंका घेण्यासारखी होती. पण पुढची गॅलरी पश्चिमेची, दुपारी दोननंतर भरपूर ऊन मिळणारी, तर मागची पूर्वेची, अकरापर्यंतच ऊन मिळणारी. दोन्हीकडे चार तासांच्या आसपास ऊन होते आणि पुढे तर ते थोडे जास्तच होते. झाडाच्या वयाची काकूंची उपपत्तीही टिकत नव्हती, कारण त्याच तुकडीतले उरलेले दोन शेंडे पुढच्या गॅलरीत होते आणि ते फुलले नव्हते. ठेंगणेपणा गेल्याने झाड बिघडले असावे, असे काकूंच्या मैत्रिणींचे मत होते. याविषयी एवढेच सांगते की बाजारातील रोपे आटोपशीर दिसावीत म्हणून उत्पादक त्यांच्यावर बऱ्याचदा वाढ रोखणारी रसायने फवारतात. त्यांचा परिणाम ओसरला की झाड आपल्या मूळ उंचीवर जाते, यात बिघाड काही नाही.

दिवसभर पाहून काही कळेना, म्हणून एका संध्याकाळी साडेआठ वाजता मी त्यांच्याकडे गेले, आणि गॅलरीत पाऊल टाकताच मला वर्तमानपत्र वाचता आले. रस्त्यावरचा दिव्याचा खांब इमारतीला अगदी लागून आहे. त्याचे पांढरे एलईडी डोके दुसऱ्या मजल्याच्या रेलिंगपेक्षा थोडेच वर, चार-पाच मीटरवर येते आणि रात्रभर जळते. शिवाय दिवाणखान्याची ट्यूबलाइट अकरापर्यंत काचेच्या दारातून थेट कुंड्यांवर पडते. फोनमधल्या प्रकाशमापकाने रेलिंगपाशी ३० ते ४० लक्स दाखवले (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक). असे मापक काटेकोर नसतात, तरी पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड अर्ध्या लक्सच्याही आत असतो हे ध्यानात घेतले की फरक कळतो. मागच्या गॅलरीत त्याच मापकाचा आकडा शून्यावरून हलला नाही. तिथला दिवा कधीचाच बिघडलेला आहे, समोर टेकडी आहे, आणि स्वयंपाकघराचे लाकडी दार काकू दिवेलागणीला लावून घेतात, कारण डास आत येतात.

कलांचो हे अल्पदिनी झाड आहे, म्हणजे रात्र एका विशिष्ट मर्यादेपेक्षा लांब झाली तरच त्याच्या शेंड्यात पानांऐवजी कळ्या धरतात. शेवंती आणि पॉइन्सेटिया ही त्याच वर्गातली झाडे, आणि शेवंतीचे उत्पादक पॉलिहाउसमध्ये रात्री दिवे लावून बहर मुद्दाम लांबवतात हे अनेकांनी पाहिले असेल. दिवसाच्या लांबीशी फुलण्याचा संबंध असतो हे अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड यांनी १९२० मध्ये तंबाखूच्या एका वाणावरून दाखवून दिले, आणि दिवसापेक्षा रात्रीची अखंडता महत्त्वाची हे १९३८ मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. पानातले फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य तांबड्या प्रकाशाला फार हळवे असते. मध्यरात्री काही मिनिटे पडलेला तांबडा प्रकाशही एका लांब रात्रीचे दोन आखूड रात्रींत रूपांतर करतो, आणि पांढऱ्या एलईडीच्या उजेडात तांबडा भाग असतोच. कलांचोच्या बाबतीत उत्पादक सहसा सहा आठवडे रोज चौदा तासांचा काळोख देतात.

या झाडाशी पुण्याचे एक नाते आहे, आणि ते सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. कलांचोच्या पाकळ्या दिवसा उघडतात आणि रात्री मिटतात, आणि ही हालचाल बाहेरचा उजेड स्थिर ठेवला तरी काही काळ चालू राहते, कारण झाडाच्या आत एक घड्याळ असते. जर्मनीतील ट्युबिंगेन येथे एर्विन ब्युनिंग यांच्या प्रयोगशाळेत या घड्याळावर काम करणाऱ्यांत पुण्याचे डॉ. आनंद कर्वे होते. कलांचोच्या पाकळ्यांच्या लयीविषयीचा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध १९६१ मध्ये 'प्लांटा' या नियतकालिकात आला. पुढे ग्रामीण तंत्रज्ञानातील कामामुळे महाराष्ट्राने त्यांना ओळखले, पण रात्र मोजणाऱ्या या झाडाजवळ एक पुणेकर इतक्या आधी पोहोचला होता हे काकूंना सांगितले तेव्हा त्या आधी दिव्याच्या खांबाकडे आणि मग कुंड्यांकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

पुण्यात २१ जूनच्या सुमारास दिवस सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात साधारण अकरा तासांचा. म्हणजे उघड्या आकाशाखाली, दिवे नसतील तर, ऑक्टोबर सरता सरता रात्री पुरेशा लांब होतात आणि जानेवारीत फुले येतात. मागच्या गॅलरीत २०२४ मध्ये नेमके हेच घडले होते. पुढच्या गॅलरीतील झाडांना मात्र दोन वर्षे रात्र मिळालीच नव्हती. आता हे तपासून पाहणे आवश्यक होते, नाहीतर काकूंच्या निष्कर्षाच्या जागी माझा निष्कर्ष बसवल्यासारखे झाले असते.

रविवारी, ८ डिसेंबर २०२४ रोजी आम्ही नऊ झाडांचे तीन गट केले. तीन झाडे पुढच्या गॅलरीत आहे तिथेच राहिली. तीन झाडे मागच्या गॅलरीत नेली. उरलेली तीन पुढेच ठेवून त्यांच्यावर संध्याकाळी सहा ते सकाळी आठ पुठ्ठ्याची खोकी घालायची ठरली. पश्चिमेचे ऊन सहापर्यंत असते, त्याआधी खोके घातले तर आत उकाडा होतो आणि झाडाचे ऊनही बुडते, म्हणून ही वेळ निवडली. प्रत्येक गटात जुनी आणि नवी, उंच आणि ठेंगणी झाडे मिसळून घेतली आणि पाणी सर्वांना सारखेच दिले. खत कोणालाच दिले नाही. नऊ झाडे म्हणजे काही मोठा प्रयोग नव्हे, पण एका गॅलरीचा प्रश्न सोडवायला तेवढी पुरेशी होती.

पहिल्या दहा दिवसांतच एक चूक झाली. संध्याकाळी पाणी देऊन लगेच खोके घातल्याने आत दमट हवा कोंडली आणि एका दुहेरी पाकळ्यांच्या झाडाच्या पानांवर भुरी या बुरशीचे पांढरट ठिपके दिसू लागले. ती पाने काढली, पाणी सकाळीच द्यायचे ठरवले आणि खोके खालून विटेच्या पातळ तुकड्यांवर टेकवून अर्ध्या बोटाची फट ठेवली. फट दिव्याच्या विरुद्ध बाजूला आणि जमिनीलगत असल्याने उजेड आत येत नव्हता. भुरी पसरली नाही. दुसरा खंड डिसेंबरच्या शेवटी पडला, कारण काकू साताऱ्याला लग्नाला गेल्या, किल्ली माझ्याकडे देण्याचे राहिले आणि २८ व २९ तारखेच्या रात्री खोकी घातली गेली नाहीत.

मला सर्वांत आधी दिसलेला बदल कळीचा नव्हता. चौथ्या आठवड्यात खोक्यातल्या झाडांची शेंड्याकडची नवी पाने आधीच्या पानांपेक्षा लहान, जाड आणि अधिक ताठ निघू लागली. लांब रात्री मिळाल्या की या जातीच्या पानांचा मांसलपणा वाढतो हे अभ्यासकांना माहीत असलेले लक्षण आहे, पण आपल्या डोळ्यांदेखत, तेही रस्त्याच्या दिव्याखाली, ते घडताना पाहणे वेगळेच असते. काकूंना मी फक्त पान चिमटीत धरून पाहायला सांगितले. शेजारच्या न झाकलेल्या झाडाचे पान लवचिक आणि पातळ होते, खोक्यातल्या झाडाचे पान कोवळ्या भेंडीसारखे भरलेले लागत होते.

संक्रांतीच्या दिवशी, १४ जानेवारीला, खोक्यातल्या दोन झाडांच्या शेंड्यात मोहरीएवढ्या कळ्यांचे गुच्छ दिसले, आणि पुढच्या चार दिवसांत तिसऱ्यातही. १९ जानेवारीला सहा आठवडे पूर्ण झाल्यावर खोकी कायमची काढली. एकदा कळ्या धरल्या की नंतरच्या उजेडाने त्या मागे फिरत नाहीत, असे मी काकूंना सांगितले होते, तरी त्या पुढचे काही दिवस सकाळी उठून आधी गॅलरीत जात. ४ मार्चला पहिले फूल उघडले. तीन झाडांवर अनुक्रमे अकरा, नऊ आणि सहा झुबके आले. सहा झुबक्यांचे झाड म्हणजे भुरी झालेले. मागच्या गॅलरीतील तिन्ही झाडांना फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात कळ्या दिसल्या आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात फुले आली, पण झुबके चार-पाचच होते. नैसर्गिक रात्र तेरा तासांची, त्यातून पहाटेचा आणि संध्याकाळचा संधिप्रकाश वजा जातो, म्हणून तो परिणाम सावकाश झाला असे मी समजते.

पुढे तसेच ठेवलेल्या तिघांपैकी दोन झाडांना एप्रिल संपेपर्यंत कळी आली नाही. तिसऱ्याला एक झुबका आला, आणि या प्रकरणातील सर्वांत बोलका पुरावा तोच आहे. हे झाड गॅलरीच्या कोपऱ्यातील खांबाआड होते. त्याचा अर्धा भाग दिव्याच्या उजेडात आणि अर्धा खांबाच्या सावलीत येत असे, आणि झुबका सावलीच्या बाजूच्या फांदीवर आला. रात्रीची मोजणी पाने करतात आणि फुलण्याचा इशारा त्या पानांच्या बाजूच्या शेंड्याकडे जातो, हे या झाडावरच्या जुन्या प्रयोगांतून दिसलेले आहे. काकूंनी ती फांदी रस्त्याच्या बाजूला वळवून पाहिली, पुन्हा सावलीत वळवली, आणि म्हणाल्या, "म्हणजे याला झोप लागत नव्हती गं." यापेक्षा नेमके निदान मला करता आले नसते.

रस्त्याचा दिवा आणि घरातली ट्यूबलाइट यांपैकी नेमके कोणाचे किती, हे या मांडणीतून वेगळे काढता आले नाही, कारण खोके दोघांनाही अडवत होते. खांबाआडच्या फांदीवरून पाहता रस्त्याचा दिवा पुरेसा दोषी ठरतो. तो हलवण्याची मागणी करावी असे मात्र आम्हा दोघींनाही वाटले नाही, कारण त्याच दिव्याच्या उजेडात मुले रात्री शिकवणीहून घरी येतात.

मार्चमध्ये आलेल्या बहराची एक उणीव राहिली. पुण्याचा मार्च तापू लागतो आणि फुले तीन-चार आठवड्यांतच करपली, तर नर्सरीतून आणलेली फुले पहिल्या वर्षी अडीच महिने टिकली होती. म्हणून २०२५ मध्ये काम लवकर सुरू करायचे ठरले. जूनमध्ये सर्व झाडांची छाटणी केली. निघालेल्या शेंड्यांतले तीन-चार इंचांचे तुकडे सावलीत दोन दिवस सुकवून, कापलेली जागा खपली धरल्यावर, जवळजवळ कोरड्या मिश्रणात लावले आणि तीन आठवड्यांत त्यांना मुळे फुटली. अशी चार नवी रोपे तयार झाली. ऑगस्टमध्ये एकदा शेंडे खुडले, म्हणजे फांद्या वाढतात आणि झुबकेही वाढतात, पण गणपती उठल्यानंतर शेंड्याला हात लावायचा नाही असा नियम केला, कारण कळ्या शेंड्यातच धरतात आणि उशिरा खुडले तर तोच बहर हातचा जातो. एका झाडाच्या पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण आले होते, ते कापसाच्या बोळ्याने टिपून काढले.

या वेळी खोकी न वापरता मागच्या गॅलरीत एक जुनी लोखंडी मांडणी उभी केली आणि तिच्यावर काळ्या जाड कापडाचा दुहेरी पडदा शिवून घातला. १२ ऑक्टोबर ते २३ नोव्हेंबर, संध्याकाळी साडेपाच ते सकाळी साडेसात, असा पडदा पाडला. पूर्वेच्या गॅलरीत संध्याकाळी ऊन नसल्याने साडेपाचला झाकूनही आत उकाडा होत नाही, आणि ऑक्टोबरमध्ये हे महत्त्वाचे, कारण रात्री फार उबदार राहिल्या तर काळोख मिळूनही कळ्या रेंगाळतात. या सहा आठवड्यांत एकही रात्र चुकली नाही. किल्ली आता माझ्याकडे असते. नोव्हेंबरच्या अखेरीस तेराही झाडांवर कळ्या दिसत होत्या आणि त्या दिसल्यावर सगळ्या कुंड्या पुढच्या गॅलरीत, त्याच दिव्याखाली, आणून ठेवल्या.

पहिले फूल ५ जानेवारी २०२६ रोजी उघडले, आणि संक्रांतीपर्यंत दोन दुहेरी झाडे सोडून बाकी सर्व फुलली. तळमजल्यावरच्या बाईंनी हळदीकुंकवाला आल्यावर एक फांदी मागितली, तेव्हा काकूंनी कुंडीच देऊ केली, त्यांची गॅलरीही त्याच खांबासमोर आहे का ते आधी विचारले, आणि आतून एक पुठ्ठ्याचे खोके आणून कुंडीबरोबर दिले.